डॉ. कमला सोहोनी आणि थंड पेटीतले अन्न

केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णाचे नातेवाईक औषधांपेक्षा जेवणाबद्दल जास्त प्रश्न विचारतात. पिशवीचे दूध चालेल का? दुकानातले पनीर, दही द्यायचे का? तोंड आले आहे, थंड बरे वाटते, मग आइस्क्रीम द्यावे का? बार्शीत हे प्रश्न रोजचे आहेत. इथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये बार्शी, परांडा, भूम आणि त्याहून लांबच्या गावांतून रुग्ण येतात. देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणीही १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. उपचारासाठी गाव सोडून राहावे लागते तेव्हा घरची म्हैस कामाला येत नाही. दूध-दही कोपऱ्यावरच्या दुकानातून आणावे लागते. आणि एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशीच्या पुढे असतो.

फ्रिजमधले आहे म्हणजे चांगलेच असणार, असे आपण धरून चालतो. ते तसे का नसते, हे समजून घ्यायला एका मराठी शास्त्रज्ञ बाईंचे आयुष्य फार उपयोगी पडते. डॉ. कमला सोहोनी यांनी फ्रीझरचे नियम लिहिले नाहीत. पण दूध, बटाटा, कडधान्ये आणि नीरा या रोजच्या गोष्टींत आत काय चालते, हे त्यांनी प्रयोगशाळेत पाहिले, आणि पुढच्या वयात दुकानासमोर उभ्या असलेल्या ग्राहकासाठी लिहिले. आजच्या नियमांमागचे बरेचसे शास्त्र त्यांच्या कामाच्या आसपासचे आहे.

रसायनशास्त्रज्ञांचे घर

कमला भागवत यांचा जन्म १९११ मध्ये इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेच्या, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या, सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. मुलीनेही तिथेच जावे, यात घरच्यांना वावगे काही वाटत नव्हते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. मुलगी संशोधन करू शकेल, असे त्यांना वाटत नव्हते.

कमलाबाई बंगळुरूला गेल्या आणि त्यांच्या कार्यालयाबाहेर ठाण मांडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटी घालून. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद होणार नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीसुद्धा काम करावे लागेल, आणि संस्थेतल्या वातावरणाला बाधा येता कामा नये. ही शेवटची अट अपमानाचीच होती. कमलाबाईंनी ती मान्य केली आणि कामाला लागल्या. वर्षभरानंतर त्यांना नियमित प्रवेश मिळाला आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्याकडे त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले. १९३६ मध्ये एम.एस्सी. विशेष प्रावीण्यासह पूर्ण झाली.

दुधातले मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. ताज्या दुधात ते अगदी बारीक कणांच्या रूपात तरंगत असते, म्हणून दूध पांढरे दिसते. जिवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्ल वाढले की केसीनचे कण एकमेकांना चिकटतात. विरजण लावून आपण हेच मुद्दाम घडवतो. पण आम्ल थोडेच वाढलेले असेल, तर थंड दूध दिसायला आणि चवीला ठीकच लागते. गॅसवर ठेवल्यावर मात्र ते नासते. डेअरीत दूध घेताना नमुना उकळून पाहण्याची चाचणी याच तत्त्वावर असते. तुमच्या पातेल्यात सकाळी दूध नासले, तर तीच चाचणी तुमच्या घरी झाली, एवढेच. त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की डेअरीतून निघाल्यापासून गॅसवर चढेपर्यंत ते दूध कुठेतरी बराच वेळ उबेत राहिले होते.

केंब्रिजमधला बटाटा

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळालेले फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली. वनस्पतींच्या पेशींवर काम करताना बटाट्यात त्यांना सायटोक्रोम सी हे द्रव्य सापडले. पेशी श्वसन करतात, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा मिळवतात, त्या साखळीतला हा एक दुवा आहे. वनस्पतींच्या सगळ्या पेशींत तो असतो, हे त्यांनी मांडले. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. इंग्लंडला पोचल्यापासून चौदा महिन्यांत काम पुरे झाले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

हे सगळे रुग्णाच्या ताटाशी कसे जोडलेले आहे? जमिनीतून काढलेला बटाटा, शेंगेतला वाटाणा, तोडलेली मेथी, या सगळ्यांत पेशींचे काम काही काळ चालूच राहते. थंडी ते मंदावते. म्हणून भाजी फ्रिजमध्ये टिकते. फ्रीझरमध्येसुद्धा काही विकर, म्हणजे एन्झाइम, हळूहळू काम करत राहतात, आणि वाटाण्याचा रंग-स्वाद बिघडतो. त्यामुळे कारखान्यात वाटाणे गोठवण्याआधी गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढतात. पाकिटावर हे वाचून अनेकांना वाटते, की वाटाणे शिजलेले आहेत आणि सॅलडमध्ये तसेच टाकता येतील. तसे करू नका. ती वाफ विकर थांबवण्यापुरती असते, जंतू मारण्याइतकी असेलच असे नाही. गोठवलेले वाटाणे, मका, मिश्र भाजी घरी नीट शिजवूनच खायची.

दिल्ली, कुन्नूर, मुंबई

युद्धाच्या तोंडावर त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभाग सांभाळला, मग कुन्नूरच्या न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीत सहायक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न झाले आणि त्या मुंबईला आल्या. इथल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग नवा होता. तिथे त्या प्राध्यापक झाल्या आणि विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी गोरगरिबांच्या आहारातले पदार्थ तपासायला घेतले.

कडधान्यांत प्रथिने भरपूर, पण कच्च्या कडधान्यांत ती पचू न देणारी द्रव्येही असतात. ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणाऱ्या अशा द्रव्यांचा त्यांनी अभ्यास केला. नीट शिजवल्यावर त्यांचा जोर बराच ओसरतो. तुरीच्या बाजारपेठेत राहणाऱ्या बार्शीकरांना डाळ शिजवायला शिकवायची गरज नाही. मात्र रुग्णाला ताकद यावी म्हणून कच्ची मोड आलेली कडधान्ये देणारे नातेवाईक मला अजून भेटतात. मोडाच्या उबदार ओलाव्यात जंतूही तितक्याच वेगाने वाढतात. मोड आणा, पण उसळ करून द्या.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम नीरेवरचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह चांगल्या प्रमाणात असते, आणि कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ती दिल्यास प्रकृती सुधारते, असे त्यांना दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

थंड साखळीचा धडा नीरेइतका स्वच्छ कुठेच मिळत नाही. झाडावरून रात्रीच्या गारव्यात उतरलेला गोड रस सूर्य वर आला की आंबू लागतो आणि काही तासांत त्याची ताडी होते. यीस्ट आणि जिवाणू रसात आधीपासूनच असतात. उष्णता मिळाली की ते कामाला लागतात. गार ठेवल्यास त्यांचा वेग कमी होतो, ते मरत नाहीत. नीरेचे आंबणे वासाने लगेच कळते, म्हणून नीरेच्या बाबतीत फसवणूक अवघड आहे. दूध, पनीर, गोठवलेले चिकन यांच्या बाबतीत तसे नाही. रोग करणारे जंतू पुष्कळदा वास, रंग, चव काहीच बदलत नाहीत.

आरेचे दूध

मुंबईत १९४९ पासून आरे दूध वसाहत उभी राहिली. गोठे शहराबाहेर, दूध पाश्चराइज करून, गार करून घरोघर पोचवायचे, असा तो प्रकल्प. कमलाबाईंनी या प्रकल्पाला दुधाच्या दर्जाबाबत सल्ला दिला आणि दूध नासू नये यासाठी कार्यपद्धती आखून दिली.

पाश्चरायझेशन म्हणजे दूध ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद तापवणे आणि लगेच थंड करणे. यात क्षय, टायफॉइड यांसारखे रोग पसरवणारे जंतू मरतात. काही टणक जिवाणू उरतात, आणि पिशवी फुटली किंवा उघडली की नवेही शिरतात. पुढचे सगळे थंडीवर अवलंबून असते. सोयीच्या तापमानात काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. सकाळी सहाला दुकानाच्या पायरीवर क्रेटमध्ये उतरलेली पिशवी नऊला फ्रिजमध्ये गेली, तर पिशवीवरची तारीख खरी असूनही तिचा काही अर्थ राहत नाही. टेट्रा पॅकचे दूध निराळे. ते फार जास्त तापमानाला निर्जंतुक करून बंद केलेले असल्याने उघडेपर्यंत बाहेर टिकते. प्रवासात किंवा भाड्याच्या खोलीत फ्रिज नसेल, तर रुग्णासाठी त्याचे छोटे पाकीट बरे पडते. उघडल्यावर मात्र तेही साध्या दुधासारखेच.

उकळले की सगळे ठीक होते, हा समजही अर्धाच खरा आहे. खवा, पेढे, बासुंदी, पनीर उबेत राहिले आणि त्यांत स्टॅफिलोकॉकस जिवाणू वाढले, तर ते एक विष सोडतात. जिवाणू उकळल्यावर मरतात, विष तसेच राहते. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत जोराच्या उलट्या सुरू होतात. लिस्टेरिया नावाचा दुसरा जिवाणू उलट्या गुणाचा आहे. तो फ्रिजच्या गारव्यातही हळूहळू वाढतो. निरोगी माणसाला त्याचा फारसा त्रास होत नाही. गरोदर स्त्री, नवजात बाळ, म्हातारी माणसे आणि केमोचे रुग्ण यांना तो जिवावर बेतू शकतो. पाश्चराइज न केलेले दूध आणि त्याचे मऊ पदार्थ या लोकांना टाळायला सांगतात, ते यासाठी.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. औषधाप्रमाणे हे दिवस थोडे पुढे-मागे होतात. तुमच्या डॉक्टरांकडून ते विचारून घ्या आणि त्या दिवसांत बाहेरचे सुटे पनीर, उघड्या भांड्यातले दही, गाडीवरचा बर्फाचा गोळा, उसाचा रस पूर्ण बंद ठेवा. आइस्क्रीम द्यायचेच असेल, तर कारखान्यात बंद झालेला छोटा कप घ्या. मोठ्या डब्यातून चमच्याने काढून दिलेले नको. बर्फाबद्दल महाराष्ट्रात एक चांगला नियम आहे: खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर रंगाचा असला पाहिजे, असे अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये ठरवले. मासे किंवा बाटल्या गार ठेवायला आणलेला बर्फ सरबतात जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. पण पांढरा दिसतो म्हणून बर्फ स्वच्छ पाण्याचाच असेल, असेही नाही.

दुकानासमोरची बाजू

आपल्या संस्थेच्या संचालकपदी कमलाबाईंची नेमणूक व्हायला चार वर्षे उशीर झाला. कारण पुन्हा तेच, बाई असणे. ज्या बाईंनी केंब्रिजहून पदवी आणली, तिला मुंबईत हे सोसावे लागले.

१९६६ मध्ये मुंबईत काही गृहिणींनी आणि कार्यकर्त्या महिलांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. कमलाबाई या संस्थेच्या सक्रिय सदस्य होत्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्षही झाल्या. संस्थेच्या कीमत या मासिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. आयुष्यभर परीक्षानळी हातात धरलेली व्यक्ती आता भेसळीबद्दल, विकत घेतलेल्या अन्नाबद्दल सामान्य माणसाला सांगत होती. मला त्यांच्या आयुष्यातला हा भाग केंब्रिजइतकाच मोठा वाटतो.

त्या काळी कायदा होता तो १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा. नावाप्रमाणेच त्याचा रोख भेसळीवर होता. दूध पातळ आहे का, हळदीत रंग आहे का, हे तो पाहायचा. 

१९९८ मध्ये दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच अवधीत त्यांचे निधन झाले.

त्यानंतर आठ वर्षांनी, २००६ मध्ये, अन्न सुरक्षा व मानके कायदा आला, आणि २०११ पासून त्याचे नियम लागू झाले. आता दुकानदाराला साठवणुकीचेही बंधन आहे. थंड ठेवायचे अन्न ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली, गोठवलेले अन्न उणे १८ अंश किंवा त्याखाली. वितळलेला माल पुन्हा गोठवून ठेवायचा नाही. कच्चे मांस-मासे आणि तयार अन्न वेगळे. परवाना किंवा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक दुकानात दिसेल असा लावायचा, आणि १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही छापायचा.

प्रत्यक्षात काय दिसते ते तुम्हीच पाहा. डीप फ्रीझरमध्ये आतल्या बाजूला एक रेष असते. तिच्या वर रचलेला माल पुरेसा गार राहत नाही. वाटाण्याचे पाकीट हातात घेऊन हलवा. दाणे सुटे वाजले पाहिजेत. एकच दगडासारखा गोळा झाला असेल, तर ते एकदा वितळून पुन्हा गोठले आहे. आइस्क्रीमचा कप वाकडा, झाकणाखाली चिकट, वर बर्फाचे खडे, याचा अर्थही तोच. विजेचे बिल वाचवायला रात्री फ्रीझर बंद करणारे दुकानदार असतात, आणि सकाळी सगळे पुन्हा टणक झालेले असते. लोडशेडिंगमध्ये दार न उघडता गच्च भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास तग धरतो. साधा फ्रिज चारच तास. दुकानात वीज गेल्यावर दुकानदार वारंवार दार उघडून माल विकत असेल, तर त्या दिवशी तिथून दूध-पनीर घेऊ नका.

घरी नेतानाही हिशेब लागतो. थंड पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये, आणि बाहेर ३२ अंशांपेक्षा जास्त तापमान असेल तर एक तास. बार्शीच्या उन्हाळ्यात हा एकच तास धरायचा. बाजारातली बाकीची कामे आधी उरका, दूध-पनीर शेवटी घ्या आणि सरळ खोलीवर जा. गोठवलेले मांस ओट्यावर ठेवून वितळू देऊ नका. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खाली ताट ठेवून काढा.

दुकानातल्या मालाबद्दल शंका असेल, तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येते. बिल आणि पाकीट जपून ठेवा. २००६ च्या कायद्याने ग्राहकाला आणखी एक हक्क दिला आहे: विकत घेताना दुकानदाराला तसे सांगून, शुल्क भरून, तो पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. पदार्थ नियमाबाहेरचा निघाला तर शुल्क परत मिळते. हा हक्क फार थोडे लोक वापरतात.

आणि केमोच्या काळात रुग्णाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, थंडी वाजली, जुलाब-उलट्या थांबेनात, तर काय खाल्ले होते याचा शोध घेत बसू नका. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी, रात्र असली तरी, रुग्णालयात या.